काहीच न घडलेली दुपार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वीज मंडळाचे मुख्य अभियंता महोदय. पाणीपुरवठा खात्याचा कारभार वीस वर्षं सांभाळून आज खास आमच्यासाठी वेळ काढणारे प्रमुख पाहुणे. ज्यांच्यासाठी हा सगळा थाट मांडला आहे त्या आमच्या मॅडम. पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान आणि लेक. नियंत्रण कक्षातून पाळ्या बदलून धावतपळत आलेले माझे सहकारी. आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले तुम्ही सगळे रसिक जन! खुर्च्यांबद्दल प्रथम क्षमा मागतो. दीडशे माणसं येतील असा अंदाज मी दिला होता. उद्यापासून मागणी अंदाज विभागाचा प्रमुख मीच आहे, तेव्हा तुम्हाला आत्तापासून काळजी वाटू लागली असेल, तर ती रास्त आहे.

मला पाच मिनिटं दिली आहेत. अध्यक्ष महोदयांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलेलं मी पाहिलं. साहेब, ते उलटं ठेवा, ही नम्र विनंती.

आज सकाळपासून माझं काहीतरी बिघडलं आहे. दाढी करताना हसतोय, बुटाची नाडी बांधताना हसतोय. बायको म्हणाली, "अहो, निरोपाचं भाषण आहे, जरा चेहरा गंभीर करा." आरशासमोर उभा राहून केला. ती म्हणाली, "हा नको, त्यापेक्षा हसा." तेव्हा मंडळी, हसत हसत निरोप देतोय. मॅडम गैरसमज करून घेणार नाहीत. त्या स्वतः रुमाल तोंडाला लावून बसल्या आहेत आणि त्यांचे खांदे हलताहेत, हे इथून मला दिसतंय.

पाहुण्यांसाठी आमचं काम थोडक्यात सांगतो. आणखी सात वर्षांनी, दहा वर्षांनी, या सबंध भागातली माणसं एकाच क्षणी मिळून जास्तीत जास्त किती वीज ओढतील, ते आम्ही आज सांगायचं. आज का? कारण नवी वीजवाहिनी टाकायला, उपकेंद्र उभं करायला चार-पाच वर्षं सहज जातात. तहान लागल्यावर बटण दाबलं आणि उपकेंद्र उगवलं, असं होत नाही. माझं लग्न ठरत होतं तेव्हा हेच मी भावी सासऱ्यांना समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे भविष्य सांगता!" मी म्हणालो, "हो, पण आम्हाला सही करून द्यावं लागतं." त्या एका वाक्यावर मुलगी मिळाली.

बारा वर्षांपूर्वी मी या विभागात आलो. संगणकावर अंदाज बांधणारा एक प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता, आणि त्याचा मला इतका गर्व होता, की जेवायला बसलो तरी त्याच्याबद्दलच बोलायचो. मागच्या पंधरा वर्षांचे आकडे त्यात घालायचे, की पुढच्या वर्षांची रेघ सरळ, सुबक, वर चढत जाणारी. त्या रेघेप्रमाणे सातव्या वर्षी या भागाची मागणी होणार होती पंधराशे तीस मेगावॅट, आणि तीही संध्याकाळी साडेसात वाजता, घरोघरी दिवे लागतात तेव्हा. आपली व्यवस्था तेव्हा साडेसोळाशे मेगावॅटचा भार पेलू शकत होती. म्हणजे चिंता नाही. नवीन वाहिनी नको, उपकेंद्र नको, सगळ्यांनी आरामात चहा प्यावा.

मॅडमनी माझी रेघ पाहिली. चष्मा वर केला, खाली केला. मग विचारलं, "ही छान आहे. तू शेवटचा बाहेर कधी गेला होतास?"

मला वाटलं, रजेबद्दल विचारताहेत. म्हणालो, "मागच्या महिन्यात, मावसबहिणीच्या लग्नाला."

"तसं नाही रे. गल्लीबोळातून भिंतींकडे बघत कधी फिरला होतास?"

मॅडमना आपल्या ऑफिसात मोजणीबाई म्हणतात. मॅडम, हे नाव तुमच्या माघारी चालतं, आणि ते तुम्हाला माहीत आहे, हे आम्हालाही माहीत आहे. या सभागृहाच्या पायऱ्या किती, ते आत्ता त्यांना विचारा. किती मॅडम? बघा, बोटांनी दाखवलं, सतरा. त्यातली एक फुटकी आहे तीही त्यांनी वेगळी दाखवली.

तर दुसऱ्या दिवसापासून माझी स्कूटर, मी पुढे, मॅडम मागे, हातात वही. सगळ्या थरांतल्या, सगळ्या वस्त्यांमधल्या मिळून चाळीस गल्ल्या निवडल्या. प्रत्येक गल्लीत किती घरांना एसीची पेटी बाहेर लटकते आहे, किती दुकानांत थंड पेट्या आल्या, कुठे नव्या मजल्याच्या सळया वर आल्या आहेत, सगळं वहीत. मी म्हणायचो, "मॅडम, याला विज्ञान म्हणत नाहीत." त्या म्हणायच्या, "बरं, नको म्हणू. डावीकडे वळ."

एका गल्लीत तिसऱ्या दिवशी एक आजोबा काठी घेऊन आडवे आले. "वहिनी, तुम्ही आणि हा माणूस रोज आमच्या भिंतींकडे काय बघता?" मॅडम म्हणाल्या, "आजोबा, तुमच्याकडे एसी कधी घेणार?" आजोबा आधी गोंधळले, मग काठी खाली ठेवून म्हणाले, "सून मागे लागलीय. बहुतेक पुढच्या उन्हाळ्यात." मॅडमनी लिहून घेतलं. मी आयुष्यात पहिल्यांदा एका मेगावॅटचा जन्म होताना पाहिला. म्हणजे मेगावॅटचा सातशेवा भाग म्हणा. आनंदात थोडी अतिशयोक्ती चालते.

आणि मग भेटल्या त्या शिवणकामवाल्या ताई. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान, चार शिलाई मशिनं, चारही मोटरवर. मॅडमनी सहज विचारलं, "काय हो ताई, वीज नीट येते ना?" ताई म्हणाल्या, "येते की. फक्त दुपारी तीनला मशीन आळसावतं. मीही आळसावते, म्हणून मला वाटायचं, माझाच पाय ढिला पडतो. पण पाय तर मोटरला लागतच नाही!"

हे ऐकल्यावर मॅडम स्टुलावर बसल्याच. परतताना स्कूटरवर वहीची पानं उलटत होत्या. ऑफिसच्या दारात उतरून म्हणाल्या, "संध्याकाळ विसर. तीनला सगळे एसी एकदम चालतात, म्हणून विजेचा दाब पडतो. सगळ्यांत मोठा भार दुपारी येणार आहे. तीनला. आणि तुझ्या रेघेला त्याचा पत्ता नाही, कारण मागच्या पंधरा वर्षांत तो नव्हताच."

त्यांचा आकडा तयार झाला. सातव्या वर्षी, उन्हाळ्यात, दुपारी तीनच्या सुमारास, अठराशे पन्नास मेगावॅट. पेलण्याची ताकद साडेसोळाशे. म्हणजे पूर्वेकडे दुसरी वीजवाहिनी हवी, एक नवं उपकेंद्र हवं, आणि पाणीपुरवठ्याचे मोठे पंप दुपारी बंद ठेवायला हवेत. हे सगळं नियोजन समितीपुढे मांडायचं ठरलं.

आता मी एक कबुली देतो. बैठकीच्या आदल्या दिवशी मी मॅडमची वही तपासत होतो. मदत म्हणून नव्हे. मला चूक सापडायला हवी होती. माझ्या प्रोग्रामची अब्रू पणाला लागली होती. आणि मंडळी, सापडली! एका गल्लीला दोन टोकांना दोन वेगळी नावं होती. एकदा आम्ही या बाजूने शिरलो होतो, पंधरा दिवसांनी त्या बाजूने. एकच गल्ली वहीत दोनदा आली होती. चाळीस गल्ल्या म्हणता म्हणता त्या एकोणचाळीसच होत्या, आणि त्यावरून सगळ्या भागाचा हिशेब मांडल्यामुळे तब्बल साठ मेगावॅट फुगले होते.

मी उड्या मारत त्यांच्या खोलीत गेलो. अगदी शब्दशः. दाराला कपाळ आपटलं. वही पुढे टाकली. मॅडमनी पाहिलं, चेहरा पांढरा पडला. त्यांच्या नोकरीतली ही सगळ्यांत मोठी बैठक होती. त्या क्षणी मला माझीच लाज वाटायला लागली होती. म्हणालो, "मॅडम, मी कुणाला सांगणार नाही. साठ मेगावॅट इकडचे तिकडे, कोण बघतंय?"

त्यांनी वही जवळ ओढून ते पान पुन्हा वाचलं, आणि मग त्या हसायला लागल्या. "अरे, ती पिवळ्या जिन्याची इमारत! मला दोन्ही वेळा वाटलं होतं, असा जिना कुठेतरी पाहिलाय!" आम्ही दोघं इतके हसलो, की शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंत ठोकली.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे उभ्या राहून मॅडमचं पहिलं वाक्य काय असावं? "माझा आकडा चुकला आहे." सात वरिष्ठ मंडळींनी एकदम माना वर केल्या. कुठे चुकला, कसा चुकला, कुणी चूक काढली, सगळं सांगितलं, मला उभं करून माझी ओळख करून दिली, आणि सुधारलेला आकडा फळ्यावर लिहिला: सतराशे नव्वद.

समितीचे तेव्हाचे अध्यक्ष फार करडे गृहस्थ होते. म्हणाले, "बाई, एक गल्ली चुकली. मग उरलेल्या बरोबर आहेत, हे आम्ही कशावरून मानायचं?"

इतक्या दिवसांची पायपीट, सगळं मुसळ केरात जाणार, आणि ते मी घातलेलं. मॅडम म्हणाल्या, "मानू नका साहेब. मोजा. सर्वांत जवळची गल्ली इथून नऊ मिनिटांवर आहे. चला."

मग अध्यक्षांनी खुर्ची मागे सरकवली. "चला," म्हणाले.

रसिक हो, कल्पना करा. भर दुपार. पॉलिश केलेले बूट, टाय, कपाळावर घामाच्या धारा, आणि सात वरिष्ठ अधिकारी एका अरुंद गल्लीतून माना वर करून चालले आहेत. "सत्तावीस!" "अहो, ती कबुतरांची पेटी आहे, सव्वीस!" "मागच्या बाजूला दोन आहेत, अठ्ठावीस!" एकजण तर उत्साहाच्या भरात कुणाच्या तरी जिन्यावर चढले आणि वाळत घातलेल्या चादरीत अडकले. मॅडमची वही म्हणत होती, एकोणतीस. समितीची मोजणी झाली एकतीस. मधल्या काळात दोन घरांनी नवीन घेतले होते!

गल्लीच्या तोंडाशी शिवणकामवाल्या ताईंचं दुकान. ताईंनी ही टायवाली मिरवणूक पाहिली आणि विचारलं, "मीटर बदलायला इतकी माणसं?" तेवढ्यात तीन वाजले. छताचा दिवा मलूल झाला. चारही मशिनांचा आवाज एकदम खाली उतरला, जणू कुणीतरी त्यांना झोपायला सांगितलं. अध्यक्ष त्या दिव्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टाय सैल केला, ताईंकडे पाणी मागितलं, प्यायले आणि म्हणाले, "बाई, कागद आणा. इथेच सही करतो."

ती सही शिलाई मशिनावर ठेवून झाली आहे. कागदाला मागून सुईचं भोक आहे. आमच्या दप्तरात तो आजही आहे, कुणीही येऊन पाहावा.

राहता राहिले पंप. प्रमुख पाहुणे, तुमच्यावर मी येणार हे तुम्हाला ठाऊकच होतं, म्हणून तुम्ही मघापासून पाण्याच्या पेल्याशी खेळताय. साहेबांचं म्हणणं होतं, टाक्या दुपारीच भरतात, त्यांच्या आधीच्या साहेबांपासून भरतात, आणि त्या तशाच भरतील. तीन महिने मॅडम त्यांच्याकडे जात होत्या, तीन महिने नकार घेऊन परत येत होत्या. चौथ्या महिन्यात त्यांनी पंपघरात बसून टाकीच्या पातळीची नोंदवही वाचून काढली आणि साहेबांना म्हणाल्या, "साहेब, तुमची टाकी बारालाच भरते. दुपारभर तुम्ही मागची बाग भिजवताय." साहेब तडक मागे गेले. बाग खरंच हिरवीगार होती. साहेब परत आले आणि म्हणाले, "मला वाटायचं, माळी चांगला आहे." त्या दिवसापासून पंप पहाटे चालतात. माळ्याची मात्र फार पंचाईत झाली.

वाहिनी झाली, उपकेंद्र झालं. लोक विचारू लागले, इतकं मोठं कशाला बांधलं, अर्धं रिकामं आहे. दरवर्षी एकदा तरी कुणीतरी टोमणा मारायचं. मॅडम ऐकून घ्यायच्या. घरी गेल्यावर काय व्हायचं ते यजमान सांगतील, मला एकदा ते म्हणाले होते, "उन्हाळ्यात ही जेवताना मध्येच उठते आणि खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पेट्या मोजते."

आणि सातवा उन्हाळा आला. ती दुपार इथल्या निम्म्या लोकांनी माझ्याबरोबर नियंत्रण कक्षात काढली आहे. बाहेर अंगार. भिंतीवरच्या पडद्यावर आकडा चढतोय. दोन वाजता पंधराशे ऐंशी. माझी सुबक रेघ तिथेच खाली राहिली, मी तिला मनातल्या मनात टाटा केला. अडीचला सोळाशे वीस. मग साडेसोळाशे. जुनी व्यवस्था असती तर इथे वाहिन्या तापून एकामागून एक सुटल्या असत्या आणि अर्धा भाग बसला असता घामात: घरं, दुकानं, दवाखाने, शस्त्रक्रियेच्या टेबलावरची माणसं. मॅडम उभ्या होत्या, खुर्ची दिली तरी बसेनात. सतराशे. सतराशे चाळीस. तीन वाजून बारा मिनिटं, सतराशे चौसष्ट.

आणि काय झालं माहीत आहे? काहीच झालं नाही!

एक दिवा विझला नाही. एक भोंगा वाजला नाही. आकडा तिथे जरासा थबकला आणि हळूहळू उतरायला लागला. सतराशे साठ. सतराशे पन्नास. आमचे सगळ्यांत ज्येष्ठ ऑपरेटर काका, अठ्ठावन्न वर्षांचे, गुडघेदुखीवाले, त्यांनी टोपी हवेत उडवली आणि ती पंख्यात अडकली. पंखा चालू होता ना! कुणी कुणाला मिठ्या मारल्या त्याचा पत्ता नाही. मी तर दाराला मिठी मारली. आणि आमच्या मॅडम, ज्यांचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नाही, त्या जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि टाळ्या वाजवत ओरडल्या, "काही नाही झालं! अरे, काही नाही झालं!"

तेवढ्यात यजमानांचा फोन आला. त्यांना बिचाऱ्यांना किराणा काय आणायचा ते विचारायचं होतं. मॅडमनी फोन कानाला लावला आणि पुन्हा तेच, "अहो, काही नाही झालं!" पलीकडून यजमान म्हणाले, आम्ही सगळ्यांनी ऐकलं, "काही झालं नाही तर ओरडतेस कशाला?"

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आमच्याबद्दल एक ओळ नव्हती. लोक गार खोल्यांत झोपून उठले होते. सतराशे चौसष्ट मेगावॅट वापरून त्यांनी जांभई दिली. मॅडमनी ते वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "झकास."

साहेब, घड्याळाकडे बघू नका, शेवटचंच सांगतो. पुढच्या दहा वर्षांची योजना आम्ही दोघांनी मिळून केली. सगळं लिहून झालं, फक्त दहाव्या वर्षाचा मोठ्यात मोठा भार किती, ती जागा मॅडमनी कोरी ठेवली. काल मला म्हणाल्या, "आकडा तू घाल. मी माझा पाकिटात घालून अध्यक्षांना देते. तू आधी बोल, मग ते उघडू देत." म्हणजे निरोपाच्या कार्यक्रमातही परीक्षा! माझा आकडा आहे एकतीसशे पन्नास. साहेब, आता पाकीट फोडा.

किती? एकोणतीसशे!

कमी? मॅडम, तुमचा आकडा माझ्याहून कमी? छपरांवरच्या सौर पट्ट्यांमुळे दुपारचा भार उतरेल, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण मी गेला महिनाभर संध्याकाळी फिरतोय. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून वायरी खाली सोडून लोक विजेच्या स्कूटरी चार्ज करताहेत. एकेका इमारतीखाली अकरा-अकरा वायरी लोंबताहेत. माणूस घरी आला की एसी लावणार, वायर खाली सोडणार आणि मग स्वयंपाकाला लागणार. मोठा भार पुन्हा संध्याकाळी जाणार आहे. आदरणीय मॅडम, बारा वर्षांत हे वाक्य मी कधी उच्चारलं नाही, पण बोलतोच: मला वाटतं, तुम्ही चुकताय.

अहो, त्या टाळ्या वाजवताहेत! काय म्हणालात? मागच्यांना ऐकू आलं नाही, मी सांगतो. मॅडम म्हणताहेत, "मग भांड की!"

तर मंडळी, भांडण सोमवारी सकाळी दहाला सुरू होईल. मॅडमना त्यासाठी निवृत्तीनंतरही यावं लागेल, यजमानांची परवानगी मी चहाच्या वेळी काढतो. अध्यक्षांचे, प्रमुख पाहुण्यांचे, आणि इतका वेळ मला सहन करणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. सत्कारमूर्तीशी तिच्याच सत्कारात वाद घातला, हा प्रमाद पदरात घ्या. शब्दांत काही कमीजास्त झालं असेल तर ते इथेच सोडून द्या. आकड्यांत कमीजास्त वाटलं तर मात्र सोडू नका. वही घेऊन ऑफिसात या, आणि मला चुकीचं ठरवा.

धन्यवाद.